तिकीट नंबर ३१८

रकाना १ : अर्जदाराचे नाव

खोलीवाटपाची यादी सकाळी दहाला फळ्यावर लागली. अकरा मुलींची नावं होती. बाराव्या ओळीवर नुसतं 'रिक्त' लिहिलेलं होतं, आणि काल संध्याकाळपर्यंत ती ओळ रिक्त नव्हती.

बाबूरावांना हे पक्कं ठाऊक होतं. कालची यादी त्यांच्याच अक्षरातली होती.

चोवीस वर्षं त्यांनी मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिली. डिसेंबरात मिलला कुलूप लागलं, आणि मार्चपासून ते इंदूरच्या या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात वह्या सांभाळायला लागले, तेही सहा महिन्यांच्या करारावर. मिलमधली एक खोड तेवढी सुटली नव्हती. जुनं माणूस समोर आलं की आधी त्याचा हजेरीचा तिकीट नंबर आठवायचा, मग चेहरा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

आताही तसंच झालं. फळ्यासमोर वळकटी जमिनीवर टेकवून एक बाई उभी होती. अकराशे बेचाळीस. वाइंडिंग खातं. आठ वर्षांत एकदाही उशीर नाही. दुर्गाबाई शेजवळ.

"बाबूरावजी, आमच्या पोरीचं नाव कुठं गेलं?"

"थांबा जरा. यादीत चूक असेल."

"चूक कशी? तुम्हीच तर सोमवारी हिला बोलले, बारावी खाट पक्की."

दुर्गाबाईंचा नवरा रखमाजी लूमवर होता. तो ८३ साली गेला आणि वारसाची नोकरी म्हणून बाई वाइंडिंगला लागल्या. मिल गेली तशी चाळीतली खोलीही गेली. आता मायलेकी मानपुरात राहत होत्या, दुर्गाबाईंच्या भावाच्या हायवेवरच्या चहाच्या दुकानामागे. तिथून पहाटेची बस धरून दोघी आल्या होत्या. सगळं सामान आईच्याच अंगावर होतं. खांद्याला पिशवी, पायाशी वळकटी, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. फडक्याबाहेर डोकावणाऱ्या डब्याच्या कडीला लाल दोरा गुंडाळलेला होता.

संबोधी आईच्या मागे उभी होती. अठरा वर्षांची, दोन वेण्या, हातात फक्त कागदांची फाइल. फळ्याकडे तिने एकदाच बघितलं.

बाबूरावांना ते खटकलं. ज्याचं नाव यादीत नसतं तो माणूस यादी पुन्हा पुन्हा वाचतो. मिलच्या फाटकावर त्यांनी हे हजारदा पाहिलं होतं.

रकाना ६ : पालकाची सही

उत्तर श्रीरामकडे होतं. श्रीराम हा ऑफिसातला क्लार्क, सव्वीस वर्षांचा, केसांना तेल आणि खिशाला दोन पेनं.

"इसमें मेरी क्या गलती, भिया?" त्याने कागद पुढे केला. "सोमवारी अर्जपेटीत निघाला. मॅडमनी काल जाताना बघितला आणि नाव काढायला लावलं. मी रात की रात नवी यादी टाइप केली."

हिंदीत टंकलेला अर्ज होता. कोर्टासमोर बसणारे टंकलेखक करून देतात तसला. श्रीरामने मोठ्याने वाचला. त्याचा मतलब असा, की घरच्या अडचणीमुळे मी माझ्या मुलीला हॉस्टेलात ठेवू शकत नाही. पसंतीक्रमातल्या दोन्ही जागा, नवी इमारत आणि मल्हारगंजमधलं भाड्याचं घर, तिला नकोत. ती रोज घरून ये-जा करील. सही, दुर्गाबाई शेजवळ.

"हे मी दिलं नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मानपूरहून रोज? सकाळच्या आठच्या वर्गाला? पहिल्या पावसाळ्यातच हिचं कॉलेज सुटायचं, बाबूरावजी. माझ्या भावाला तेच पाहिजे. दुकानात फुकटचे दोन हात."

बाबूरावांनी कागद हातात घेतला. श्रीराम सहीपर्यंत वाचून थांबला होता. सहीखाली आणखी एक ओळ होती.

ति. नं. ३१८.

मिलमध्ये अर्ज म्हटला की सहीखाली तिकीट नंबर आलाच. रजा मागा, उचल मागा, नाहीतर खोलीच्या छपराची तक्रार करा. बाहेरच्या कुणाला ही रीत सुचणार नाही. म्हणजे अर्ज करणारा मिलचा होता. पण ३१८ हा दुर्गाबाईंचा नंबर नव्हता.

मिल बंद पडली त्या दिवशी ३१८ कोणाचा होता तेही बाबूरावांना न आठवता आठवलं. तो माणूस या क्षणी हॉस्टेलच्या फाटकावर स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तोंड मिटून ठेवलं.

वॉर्डन सुहासिनी मॅडमनी दोन्ही बाजू उभ्याउभ्या ऐकल्या. "नुसत्या सहीच्या फरकावरून काही ठरत नाही. अर्ज खोटा असेल तर सिद्ध करा. चार वाजता बारावी खाट प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जाईल. मल्हारगंजचं घर तर केव्हाच भरलंय." मग चष्म्यावरून बाबूरावांकडे पाहत म्हणाल्या, "आणि खोटा निघाला, तर करणारा या आवारात उद्या दिसायला नको. मग तो कोणीही असो."

रकाना ४ : पसंतीक्रम

प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी म्हणजे स्पृहा सहस्रबुद्धे. तिचे वडील हृषीकेश सांवेर रोडवरच्या नव्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, आणि आता कंपनी त्यांना परत बोलावत होती. अकराच्या सुमाराला ते व्हरांड्यातल्या बाकावर वर्तमानपत्र उलगडून बसलेले सापडले. चार वाजायला अजून पाच तास होते.

"फार लवकर आलात," बाबूराव म्हणाले.

"घरी सामान बांधणं चाललंय. बसायला खुर्ची उरलेली नाही."

"एक खाट रिकामी होणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी. श्रीरामने फोन केला."

"श्रीराम सगळ्यांनाच फोन करतो?"

सहस्रबुद्ध्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुम्ही मला विचारताय की माझ्यावर संशय घेताय? दोन्ही चालेल, पण एकेक करून घ्या."

"सोमवारी तुम्ही इथंच होता. त्याच दिवशी पेटीत एक अर्ज पडला. मिलच्या बाईच्या नावाने, खाली मिलचा तिकीट नंबर घालून."

"तिकीट नंबर म्हणजे?"

बाबूरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस खरंच विचारत होता. त्याच्या कारखान्यात दारावर यंत्रात कार्ड घालायचं आणि वेळ छापून घ्यायची. नंबर सहीखाली लिहून दाखवावा असं तिथं कोणाला वाटत नसणार.

"मुलीला जागा मिळावी असं मला वाटतं, त्यात लाज कसली?" सहस्रबुद्धे म्हणाले. "पण दुसऱ्याच्या मुलीची खाट ओढून? स्पृहा त्या खाटेवर झोपणार नाही. मी सांगितलं तरी."

श्रीरामची गोष्ट वेगळी होती. त्याच्या शर्टाच्या खिशात दोन पेनांमागे एक छापील कार्ड होतं, आणि ते सांवेर रोडच्या कारखान्याचं होतं.

"साहेबांनी मला नोकरीसाठी भेटायला बोलावलंय. तो काय गुन्हा आहे?" श्रीरामने कार्ड आणखी खोल सारलं. "तुम्हीच सांगा, इथं मला कोण पर्मनंट करणार? बाहेर नव्या नव्या कंपन्या खुलतायत, आणि अपन इथं खाटा मोजतोय. फोन केला, मान्य. अर्ज नाही केला."

"संबोधीचा मूळ फॉर्म तुझ्याच कपाटात असतो."

"हो. घ्या, बघा ना. पालकाचा व्यवसाय, मिल कामगार. पुढे कंसात 'बंद'. बस्स. मला खोटा अर्ज करायचा असता तर मी हेच उतरवलं असतं. नंबर मी कुठून आणू? माझ्या सात पिढ्यांत कोणी मिलचं फाटक ओलांडलं नाही."

खरं होतं. फॉर्मवर नंबर नव्हता. आणि खरा नंबर हवाच असता तर तो एका माणसाकडून फुकटात मिळाला असता. बाबूरावांना विचारायचं, की झालं. साऱ्या हॉस्टेलला माहीत होतं की त्यांच्या डोक्यात अख्खा मस्टर आहे. पण कोणी विचारलंच नव्हतं. अर्ज करणाऱ्याला विचारायची गरज वाटली नव्हती. त्याला, किंवा तिला, आपण बरोबर लिहितोय याची खात्री होती.

मधल्या सुट्टीत (या रकान्याला नंबर नाही)

साडेबारा झाले. व्हरांड्यात दुर्गाबाई वळकटीवर बसल्या होत्या. संबोधीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आईच्या मांडीवरचा डबा उचलला, फडकं सोडलं, झाकण काढून फरशीवर पालथं टाकलं आणि डबा आईच्या हातात दिला.

"जेव."

"आज कुठलं जेवण, पोरी? आधी ते नाव—"

"जेव आधी."

आईने पहिला घास तोंडात घालून गिळेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग बाजूला गेली.

"असंच करते," दुर्गाबाई बाबूरावांना म्हणाल्या. बोलण्यात तक्रार होती आणि थोडा तोराही. "मिलमध्ये होते तेव्हा शाळेतून पळत येऊन डब्याच्या खिडकीवर द्यायची. मिल बंद झाली तरी हिची साडेबाराची पाळी चालूच. मला मेलीला दुकानात भुकेचं भानच राहत नाही. पण आता हा डबा हिच्याबरोबरच देऊन टाकते. हॉस्टेलात राहील, त्या वेळेला स्वतः काहीतरी खाईल."

बाबूरावांनी मान हलवली. मिलची डब्याची खिडकी मागच्या गल्लीत होती आणि टाइम ऑफिस पुढच्या फाटकाला. तिथं काय चालायचं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष फाटकावरच्या स्टुलाकडे होतं.

फाटकाच्या वहीतून, सोमवार

हृ. सहस्रबुद्धे व कन्या. आत ११.४०. बाहेर १.०५. काम : चौकशी.
श्रीराम. बाहेर १२.३०. आत १.१५. काम : जेवण.
संबोधी शेजवळ. आत १२.१०. बाहेर १२.५०. काम : मेडिकल.
तुकोजी, शिपाई. दिवसभर फाटकावर.

अर्जपेटी फाटकापासून नऊ पावलांवर.

रकाना ७ : कारण (चुकीचं भरलं गेलं आहे)

दोन वाजता बाबूराव मॅडमच्या खोलीत गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मस्टर वाचावा तसा होता.

अर्ज करणारा मिलचा आहे, कारण तिकीट नंबर घालायची रीत दुसऱ्या कोणाला नाही. त्याला लिहिता येत नसणार, म्हणून तो कोर्टासमोरच्या टंकलेखकाकडे गेला आणि सहीही त्याच्याकडूनच करून घेतली. टंकलेखकाने विचारलं असेल, सहीखाली काय? आणि तो जन्मभराच्या सवयीने स्वतःचाच नंबर बोलून गेला. मिलचा माणूसच अशी चूक करील. ३१८ हा तुकोजीचा नंबर. तुकोजी अंगठेबहाद्दर. सोमवारी दिवसभर पेटीपासून नऊ पावलांवर. कोणाच्या सांगण्यावरून केलं ते पुढे कळेल.

सगळं जागच्या जागी बसत होतं. बाबूरावांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

मॅडमनी तुकोजीला बोलावलं. साठीचा, उंच, खांदे लूमवर वाकून गोल झालेला माणूस. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

"मी काही बोलत नाही, मॅडमजी. टाइमकीपर म्हणतो गैरहजर, तर माणूस गैरहजर. मिलमध्ये असंच होतं."

रकाना ७ (पुन्हा)

खाली आल्यावर मात्र तो बोलला.

"बाबूभिया, या नोकरीसाठी तुमचे पाय मीच धरले होते. मग तीच घालवायला मी असा अर्ज करीन? आणि करणारच असलो तर स्वतःचा नंबर घालीन? निरक्षर आहे मी, येडा नाही."

"सवयीने माणूस—"

"कसली सवय? तो नंबर माझा वाटायचाच नाही मला. आधी मी बदलीवर, कोणी गैरहजर असेल तरच काम, मग ८३ साली तुम्ही पर्मनंट केलं आणि म्हणाले, घे, ३१८ मोकळा झालाय. त्याच महिन्यात काय झालं सांगू? माझ्या बायकोने डबा पाठवायला सुरुवात केली, नंबर घालून. साडेबाराला खिडकीवरून डबा आला. उघडला तर मेथीची भाजी. माझी बायको मेथीला हात लावत नाही. पण भूक लागली होती, खाल्ली. संध्याकाळी खिडकीवरची लक्ष्मीबाई माझ्या नावाने शंख करत आली. मेल्या, तो तुझा डबा नव्हता, नंबर तेवढा तोच होता. दुसऱ्या दिवसापासून तिने त्या दुसऱ्या डब्याला लाल दोरा बांधला, ओळखायला. मग आठ वर्षं दोन डबे, एक नंबर. तुमच्या मस्टरात लिहिलं होतं का कधी हे?"



मस्टरात हे नव्हतंच. मस्टरात काय होतं ते आता त्यांना दिसत होतं, त्यांच्याच अक्षरात. १९८३, जून. लाल शाईची रेघ, आणि रेघेखाली एक नाव. त्या नावाच्या जागी त्यांनी काळ्या शाईने 'तुकोजी' लिहिलं, आणि नंतर नऊ वर्षं ३१८ म्हटलं की रेघेखालचं नाव, रखमाजी शेजवळ, त्यांना एकदाही आठवलं नाही. टाइम ऑफिसचा नियम होता, वारसाला नोकरी मिळते, नंबर मिळत नाही. दुर्गाबाईंना त्यांनीच नवा नंबर दिला होता. अकराशे बेचाळीस.

पण नंबर डब्यावरही असतो, आणि लाल दोरा त्यांनी सकाळीच दुर्गाबाईंच्या डब्यावर पाहिला होता. आणि नवरा गेला म्हणून पितळेचा चांगला डबा कोण टाकून देतं?

सव्वातीन झाले होते.

रकाना २ : अर्जदाराची सही

संबोधी मागच्या पाण्याच्या टाकीजवळ एकटी उभी होती. बाबूराव तिच्या शेजारी जाऊन टेकले.

"तुझ्या आईचा तिकीट नंबर काय गं?"

"तीनशे अठरा," ती म्हणाली. लगेच, विचार न करता. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना.

"आईचा अकराशे बेचाळीस होता. तीनशे अठरा तुझ्या बाबांचा."

तिने नळाकडे पाहिलं. "मी तर तोच बघून रोज डबा द्यायची. मला वाटलं..." मग थांबून म्हणाली, "आईने कधी सांगितलंच नाही."

"का केलंस हे?"

"तुम्हाला नाही कळणार, काका."

"बघ सांगून."

"बाबा गेले त्याच महिन्यात आई मिलमध्ये लागली. मी नऊ वर्षांची. पहिल्या आठवड्यात मी डबा खिडकीवर दिला आणि शाळेत गेले. तो तिला पोचलाच नाही. कोणीतरी खाल्ला. आई मशीनवर चक्कर येऊन पडली, केस अडकता अडकता वाचले. संध्याकाळी सगळ्या बाया मलाच विचारत होत्या, डबा दिला नव्हता का गं? मी दिला होता. नक्की दिला होता." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हापासून ती जेवली की मी जाते. आता मानपुरात मामा दिवसभर तिला भट्टीपुढे उभी ठेवतो. ती संध्याकाळपर्यंत पाण्यावर राहते. मी दोनदा बघितलंय. मी इथं आले तर तिला कोण जेव म्हणणार? तिला सांगितलं असतं तर तिने मला झोडपून इथं पाठवलं असतं. म्हणून तिच्याच नावाने लिहिलं. आईचा अर्ज म्हटल्यावर कोणी विचारत नाही."

"आणि तुकोजी?"

"त्यांचं काय?"

तिला माहीतच नव्हतं. बाबूरावांनी सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "मी मॅडमना सांगते. आत्ताच."

"सांगितलंस तर खोटा अर्ज तुझा ठरतो. मग खाट नाहीच, कदाचित प्रवेशही नाही. नाही सांगितलंस तर एक म्हातारा उद्यापासून घरी बसतो." बाबूराव उठले. टाइम ऑफिसात चोवीस वर्षं काढली, पण असा दिवस कोणत्या खान्यात लिहायचा ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "चल आधी आईकडे."

व्हरांड्यात दुर्गाबाईंनी डबा धुऊन फडक्यात बांधायला घेतला होता.

"दुर्गाबाई, झाकण बघू जरा."

त्यांनी दिलं. पितळेवर ठोक्याठोक्याच्या ठिपक्यांनी कोरलेले तीन आकडे होते, घासून घासून मऊ झालेले.

"मल्हारगंजात करून घेतला होता यांनी, लग्नानंतर," दुर्गाबाई म्हणाल्या. "का हो?"

"त्या अर्जावर सहीखाली हाच नंबर आहे."

सकाळी श्रीराम सहीपर्यंत वाचून थांबला होता. दुर्गाबाईंनी ही ओळ ऐकलीच नव्हती. आता ऐकली. त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग लेकीकडे. संबोधीची नजर फरशीवर होती.

दुर्गाबाईंनी झाकण परत घेतलं, डब्यावर बसवलं, तळहाताने ठोकून घट्ट केलं, आणि फडक्याची गाठ मारली.

"किती वाजले?"

"पावणेचार."

"मग चला," त्या म्हणाल्या, आणि कोणाची वाट न बघता मॅडमच्या खोलीकडे निघाल्या.

कार्यालयीन उपयोगासाठी

"तो अर्ज माझा आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "मीच दिलाय. आता परत घेते."

सुहासिनी मॅडमनी पेन खाली ठेवलं. खोलीत श्रीराम होता, सहस्रबुद्धे होते, दाराशी तुकोजी होता. बाबूराव आणि संबोधी मागे.

"सकाळी तुम्ही म्हणालात की तुम्ही दिला नाही."

"पोरीसमोर कसं सांगू, मॅडम? एकटी पडेन या भीतीने केलं. मग लाज वाटली."

"आई—" संबोधी म्हणाली.

"तू गप. मोठ्यांचं चाललंय."

मॅडमना पटलं नाही, ते दिसतच होतं. त्यांनी फाइलमधून अर्ज काढला आणि सहीखाली बोट ठेवलं. "हा नंबर तुमचा नाही. दुपारी बाबूरावांनी सांगितलं, हा तुकोजीचा आहे. बाबूराव?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

चोवीस वर्षांत बाबूरावांनी खोटी हजेरी एकदाही लावली नव्हती. युनियनवाल्यांनी दम दिला होता, मुकादमांनी मिठाई आणली होती, एकदा सख्ख्या मेव्हण्याने पाय धरले होते. पाच मिनिटं उशीर म्हणजे पाच मिनिटं उशीर.

"दुपारी माझी चूक झाली, मॅडम. तीनशे अठरा हा दुर्गाबाईंचाच नंबर."

"नक्की? वही बघून सांगता?"

"वही बघायची गरज नाही. मीच दिलेला आहे."

मॅडम थोडा वेळ त्यांच्याकडे, मग संबोधीकडे, मग दुर्गाबाईंच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत राहिल्या. त्यांना किती कळलं ते बाबूरावांना पुढेही कधी समजलं नाही. त्यांनी अर्जावर आडवं लिहिलं, 'पालकाने मागे घेतला', आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून दाराच्या दिशेने सरकवला.

"श्रीराम, बारावी ओळ टाइप कर. सहस्रबुद्धे, माफ करा."

"माफी कसली?" सहस्रबुद्धे उठले. "मी स्पृहाला सांगतो. तिला मावशीकडेच राहायचं होतं, मीच ऐकत नव्हतो."

बाहेर आल्यावर तुकोजीने जुडगा कमरेला अडकवला. "माझा नंबर देऊन टाकला, भिया. आता मी कोण?"

"तू शिपाई. फाटक उघड."

तुकोजीचं लक्ष मात्र दुर्गाबाईंच्या हाताकडे गेलं होतं. फडक्यातून डोकावणाऱ्या कडीकडे आणि तिच्यावरच्या लाल दोऱ्याकडे. त्याने एकदा दोऱ्याकडे पाहिलं, एकदा बाबूरावांकडे, आणि तंबाखू मळणारा त्याचा अंगठा तळव्यावर तसाच थांबला.

"बाई," तो म्हणाला, "८३ सालची ती मेथी..."

"तुम्ही होता?"

त्याने मान खाली घातली. संबोधी त्याच्याकडे टक लावून बघत होती. नऊ वर्षं तिने त्या माणसाला मनात कितीदा तरी पकडलं असेल. तो असा म्हातारा आणि ओशाळलेला असेल हे तिच्या मनात कधी आलं नसणार.

"मी दिला होता," ती म्हणाली. "बरोबर खिडकीवर दिला होता."

"हो, पोरी. बरोबर दिला होतास. मीच खाल्ला."

दुर्गाबाईंनी दोघांकडे पाहिलं. "मीठ जास्त पडलं होतं त्यात, रात्री घरी उरलेली खाल्ली तेव्हा कळलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच हिने केली होती."

तुकोजीने वळकटी खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला. बारावी खाट दुसऱ्या मजल्यावर होती.

फाटकाशी संबोधीने आईच्या हातातला डबा धरला. दुर्गाबाईंनी सोडला नाही.

"हा माझ्याजवळ राहू दे. तुला मेस आहे."

"पण साडेबाराला—"

"साडेबाराला मी जेवीन. माझ्या हाताने उघडीन. तू त्या वेळेला घड्याळ बघायचं नाही, फळ्याकडे बघायचं. आणि पुन्हा माझ्या नावाने काही लिहिलंस तर तंगडं मोडीन. माझी सही तरी नीट काढायची होतीस."

संबोधीला हसू आलं आणि तिने ते बाहीने पुसलं.

मानपूरच्या बसला वेळ होता, तरी दुर्गाबाई थांबल्या नाहीत. बाबूरावांनी फाटकाची वही ओढली, पेन झटकलं आणि त्या वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. मग सावकाश, मस्टरातल्या अक्षरात लिहिलं :

दुर्गाबाई शेजवळ, ति. नं. ३१८. बाहेर ४.२०. सोबत : पितळी डबा, एक.

शाई वाळू दिली. खोडलं नाही.